चाळीस पावलं पूर्वेला

मी रस्त्याकडेला खांबावर उभी असणारी एक जुनी ओतीव पाटी आहे. मित्रांनो, आमच्या जातीच्या पाट्या आपली कहाणी सांगताना म्हणे हळव्या होतात. मला काही ते जमणार नाही. मी चिडलेली आहे, आणि का चिडले आहे ते ऐकून घेतल्याशिवाय तुम्हाला जाऊ देणार नाही.

माझा जन्म १९६१ सालचा. वितळलेलं ॲल्युमिनियम वाळूच्या साच्यात ओतलं, गार झाल्यावर घासलं, अंगाला गडद हिरवा रंग दिला आणि अक्षरांना सोनेरी. यादवी युद्ध सुरू झाल्याला तेव्हा शंभर वर्षं होत होती, त्यामुळे आमच्या अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जिकडेतिकडे पाट्या उभ्या राहत होत्या. सेनापती जिथे जेवला तिथे पाटी, त्याचा घोडा जिथे पाणी प्याला तिथे पाटी. माझ्या नशिबी सेनापतीही नव्हता आणि घोडाही नव्हता. माझ्यावर लिहिलं होतं: "या पाटीपासून चाळीस पावलं पूर्वेला तेवीस सैनिकांना पुरलं आहे. १८६२ च्या हिवाळ्यात इथल्या छावणीत ते गोवराने गेले. त्यांची नावं ठाऊक नाहीत."

एवढंच. पण त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता, आणि तो खरा असावा म्हणून एका नव्वदीच्या म्हातारीने जिवाचा आटापिटा केला होता. ही स्टिडम घरातली आजी. छावणीतली पोरं तापाने फणफणत होती तेव्हा तिची आई पंधरा वर्षांची होती. ती त्यांना मक्याची पेज नेऊन पाजायची. पोरं गेली. जमीन गोठलेली होती, त्यामुळे खड्डे जेमतेम हातभर खोल झाले. वर लाकडी फळ्या रोवल्या, त्या चार पावसाळ्यांत कुजल्या. मग त्या मुलीने तिथे निळ्या फुलांची वेल लावली. आमच्या डोंगरात ही वेल थडग्यांवरच लावतात. गुरं तिला तोंड लावत नाहीत आणि बर्फातही ती हिरवी राहते. रानात कुठे ती दिसली की आमची माणसं आपसूक पाय जपून टाकतात.

मला उभं करायला इंजिनिअर आला तेव्हा आजी काठी टेकत तिथे हजर झाली. नात व्हर्ना, अकरा वर्षांची, तिचा कोपर धरून होती.

"आजी, तुम्ही बसा. मी टेपने मोजतो," इंजिनिअर म्हणाला.

"मोज की. पण आधी माझ्या मागून चाल, म्हणजे कुठून मोजायचं ते तरी कळेल," आजी म्हणाली.

वेलीच्या कडेपासून रस्त्यापर्यंत ती चाळीस पावलं चालली. इंजिनिअरने गुमान तिथेच खुंटी मारली.

त्या जागी मी अठ्ठावीस वर्षं उभी होते. मे महिन्यात शहीद सैनिकांचा स्मृतिदिन आला की आधी आजी, आजी गेल्यावर व्हर्ना, साबणाचं पाणी घेऊन यायची आणि माझी अक्षरं एकेक करून पुसायची. मग वेलीत तेवीस लहान झेंडे रोवायची. कोर्टासमोर ग्रॅनाइटचं युद्धस्मारक आहे, त्याच्यावर नावं आहेत, त्याला पुष्पचक्र मिळायचं, बँड मिळायचा. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? पण व्हर्ना म्हणायची, "ऐक गं म्हातारे, त्याच्याकडे नावं आहेत. आपल्याकडे नुसती जागा आहे. ती सोडू नकोस."

मी सोडली नाही हो. मला उपटलं.

१९८९ साली रस्ता सरळ केला. रस्तेखात्याचे दोघे आले, खांबासकट मला काढलं, ट्रकमध्ये आडवं टाकलं आणि दीड मैल पश्चिमेला पेट्रोलपंपाशेजारी नेऊन रोवलं. तिथे गाड्या थांबायला जागा होती म्हणे.

"अरे, पण हिच्यावर चाळीस पावलं लिहिलंय," त्यातला एक म्हणाला. देव त्याचं भलं करो.

"मजकूर वरचे लोक बदलतील. तू बोल्ट आवळ."

वरच्या लोकांनी काय बदललं असेल? काही नाही. व्हर्नाने तीन पत्रं लिहिली. एकाला उत्तर आलं, त्यात वाहतुकीची सुरक्षितता होती, पुरलेल्या माणसांचं नावही नव्हतं. आणि मी, जिच्या अंगावर एक अक्षर खोटं नव्हतं, ती रोज हजार गाड्यांना खोटं सांगत उभी राहिले. मित्रांनो, मला बोलता येत नाही. माझ्यावर जे लिहिलंय तेवढंच माझं बोलणं. विचार करा, कशी तडफडले असेन!

पण खरा कहर पुढेच आहे. आमच्या मॅड्रे काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, माजी सैनिकांची एक रीत आहे. स्मृतिदिनाला पाटी वाचायची, पाटी सांगेल तिथे शिस्तीत चालत जायचं, झेंडे लावायचे आणि बंदुकीच्या तीन फैरी झाडायच्या. त्यांचा म्होरक्या बर्ल नेपियर, व्हिएतनामहून परतलेला, सहा फूट उंच, बोलायला कमी. पंपाशेजारच्या पहिल्या वर्षी त्याने मला मोठ्याने वाचलं, पूर्वेला तोंड केलं आणि पावलं टाकली. एक, दोन, तीन... चाळीस. चाळिसावं पाऊल पडलं ते गाड्या धुण्याच्या जागेवर. समोर बादली, ब्रश आणि फेसाचं डबकं.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सगळ्यांना ठाऊक होतं. मागे कुणीतरी हसलंसुद्धा. आता बर्ल म्हणेल, अरे चला तिकडे, दीड मैल तर आहे, असं मला वाटलं. कुणीतरी बादली बाजूला सरकवली आणि बर्लने झेंडे तिथे लावले. फैरी झाडल्या. पाद्र्याने प्रार्थना केली. मग सगळे घरून आणलेल्या सॅलडवर तुटून पडले.

दुसऱ्या वर्षी कुणी हसलं नाही. पाचव्या वर्षी पंपवाल्याने काँक्रीटवर पांढरा चौकोन रंगवला. पुढे पुढे शाळेच्या बाई वर्ग घेऊन यायच्या आणि सांगायच्या, "मुलांनो, या काँक्रीटखाली शूर सैनिक झोपले आहेत." काँक्रीटखाली साबणाच्या पाण्याची टाकी होती! ज्यांना खरं ठाऊक होतं ते म्हातारे झाले, गेले. खऱ्या जागी झेंडे लावणारी एकटी व्हर्ना उरली, आणि लोक म्हणायचे, व्हर्नाबाईंचं वय झालंय.

गेल्या वर्षाआधीच्या मार्चमध्ये ती माझ्याकडे आली ती धापा टाकत. खऱ्या जागेत नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकल्या होत्या. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकायचं मीठ साठवायला काउंटी तिथे शेड बांधणार होती. व्हर्ना तशीच काउंटीच्या प्रमुखाकडे, एल्डन प्रुइटकडे गेली होती.

"व्हर्नाबाई, पाटीवर स्पष्ट लिहिलंय ना? सैनिक पंपापाशी आहेत. आता सरकारी पाटीला खोटं म्हणायचं का?" तो तिला म्हणाला होता.

"पाटी खरी आहे. तुम्ही तिला खोट्या जागी उभं केलंय."

"त्याचा काही कागद आहे?"

"वेल आहे. थडग्यावरची वेल. तुझ्या आजीने तुला एवढंही शिकवलं नाही का रे, एल्डन?"

"वेलीवर काम थांबवता येत नाही. मंगळवारी बैठक आहे, तिथे बोला," तो म्हणाला.

काम सोमवारी सुरू होणार होतं. बैठक मंगळवारी! मित्रांनो, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. माझ्या तोंडी येणारा शब्द पुस्तकात छापत नाहीत.

सोमवारी माती उकरायचं यंत्र चाललं. पंपावर थांबलेल्या ट्रकांत मी ती माती पाहिली. काळी माती, आणि तिच्यात हिरव्या वेलीचे तुकडे. ड्रायव्हर कॉफी घेऊन आला, चढला आणि निघून गेला. मी तिथेच उभी. ओरडताही येईना.

मंगळवारी सकाळी व्हर्ना आली ती कोंबड्यांचं खाद्य वाहायची हातगाडी आणि मोठा पाना घेऊन. त्र्याहत्तर वर्षांची बाई, पण बोल्ट असे फिरवले की गंजाची पूड उडाली. पंपवाला धावत आला.

"अहो बाई, ही सरकारी मालमत्ता आहे!"

"मग सरकारकडेच नेतेय. धर जरा त्या टोकाला."

त्याने बिचाऱ्याने धरलं, आणि बैठकीपर्यंत सोबतही आला.

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा बैठकीला गेले. व्हर्नाने आणि पंपवाल्याने मला उचलून प्रुइटच्या कागदांवर धाडकन ठेवलं. त्याचा चष्मा उडाला.

"व्हर्नाबाई, हे काय चाललंय?"

"वाच, एल्डन. मोठ्याने वाच."

"मला ठाऊक आहे काय लिहिलंय ते."

"नाही, वाच. पाटी सांगेल तिथे सैनिक, असं तूच म्हणालास ना? आता पाटी इथे आहे. वाच आणि चाल चाळीस पावलं पूर्वेला."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. पूर्वेला दार होतं, दाराबाहेर बोळ, आणि बोळाच्या टोकाला काय आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"पुरुषांचं शौचालय आहे तिकडे," मागून पंपवाला म्हणाला.

"मग झेंडे तिथे लावू का? पाद्र्याला बोलावू?" व्हर्नाचा आवाज चिरकला. "अरे, आपल्या घरापासून लांब, तापात आईला हाका मारत मेली ती पोरं! माझ्या पणजीने पेज पाजली त्यांना. आणि तुम्हाला त्यांच्यावर मीठ ओतायचंय!"

प्रुइट काही बोलणार तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून बर्ल नेपियर उठला. आता तोही काठी घेऊन चालतो.

"पहिल्या वर्षी मीच मोजली होती पावलं," तो म्हणाला. "चूक आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं. व्हर्नासोबत मी लहानपणी वेलीत झेंडे लावलेत."

"मग बोलला का नाहीस, बर्ल?" व्हर्नाने विचारलं. ओरडून नाही, हळूच.

"सगळे उन्हात उभे होते. बंदुका भरलेल्या होत्या. वाटलं, आजच्या दिवस उरकू, पुढच्या वर्षी बघू." तो प्रुइटकडे वळला. "एल्डन, यंत्र थांबव. नाही थांबवलंस तर मी त्याच्यापुढे जाऊन बसतो. मला उठवायला चार माणसं लागतील."

यंत्र थांबलं. विद्यापीठातले लोक जमिनीखालचं दाखवणारं यंत्र घेऊन आले, त्यांनी ओळीने खड्डे शोधले, खुणा केल्या. एकोणीस सापडले. उरलेले चार त्या पट्ट्यात होते, जो सोमवारी खरवडला गेला होता. त्या चौघांची माती ट्रकांतून शाळेच्या बेसबॉलच्या मैदानात गेली होती, कडेचा सखल भाग भरायला. गवतही पेरून झालं होतं. विद्यापीठवाल्यांनी तिथेही शोधलं, पण सगळं एकात एक मिसळून गेलं होतं.

प्रुइट वर्तमानपत्रात म्हणाला, चूक झाली. झाली? चूक काय आभाळातून पडते? एकाने पाटी हलवली, एकाने पत्र फाइलीत घातलं, एकाने बादली सरकवली, आणि शंभर जण उन्हात गप्प उभे राहिले. चूक केली म्हणा, आणि कुणी केली तेही म्हणा!

मला परत माझ्या जागेवर रोवलंय. माझा मजकूर पुन्हा जवळपास खरा आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या पाट्या तुमच्याही वाटेवर असतील. त्यांना रंग द्या, पुसा, चांगलंच आहे. पण पाटी चुकीच्या जागी आहे हे तुम्हाला ठाऊक असेल तर तिथल्या तिथे तोंड उघडा. प्रार्थना चालू असली तरी उघडा, लोक हसले तरी उघडा. पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

या मे महिन्यात व्हर्ना आणि बर्ल दोघे आले. एकोणीस झेंडे रोवले, उरलेले चार घेऊन मैदानावर गेले. परत आल्यावर माझी अक्षरं पुसता पुसता व्हर्नाने सगळं सांगितलं. तिथे खेळ चालू होता. ती सरळ गवतात शिरली. पंचाने हात वर करून खेळ थांबवला. हातमोजा घातलेली एक मुलगी धावत आली आणि म्हणाली, "आजी, हे झेंडे कुणासाठी?"

"चार सैनिकांसाठी. ते इथे कुठेतरी आहेत."

"कुठेतरी म्हणजे? नक्की कुठे?"

"ठाऊक नाही गं. आम्ही त्यांना हरवलं."

मुलीने आधी व्हर्नाकडे पाहिलं, मग बर्लकडे. "तुम्ही? मोठ्या माणसांनी?"

बर्लने टोपी काढली. "हो," तो म्हणाला, "ठाऊक असून हरवलं."