न उडणारा फ्यूज

सुकलालच्या घरचा फ्यूज सलग तीन दिवस उडाला नव्हता, म्हणून आमच्या गोडादरा वस्तीत दर्शनाला रांग लागली होती. फ्यूजला झेंडूचा हार, खाली नारळ. मीही चप्पल काढून उभा होतो. इतक्या शिस्तीत मी शाळेतही कधी उभा राहिलो नव्हतो.

झालं असं, की सुकलाल कापड विणायच्या ज्या लूमवर कामाला आहे, तिथल्या शेठने ऑफिसातला जुना एसी त्याला देऊन टाकला. घरात वीस दिवसांचं बाळ, घामोळ्यांनी लाल झालेलं. सुकलालने एसी दिवा-पंख्याच्या बोर्डातच खोचला. फ्यूज उडाला. नवी तार टाकली, पुन्हा उडाला. दिवसातून नऊदा. मग योगराज महाराज आले, घरात तहानलेली शक्ती आहे म्हणाले आणि फ्यूजमध्ये एक मंतरलेली तार बसवून गेले. तेव्हापासून गार हवा अखंड. शिवाय पाळण्यामागची, वायर झाकणारी लाकडी पट्टी गरम लागू लागली. महाराजांनी निदान केलं, देवी पट्टीत येऊन बसलीय. लोक पट्टीला हात लावून डोळ्यांवरून फिरवत. एक आजोबा तर गुडघा शेकून गेले.

रांगेत उषाबाई होती, लिंबायतच्या दुकानात लूमच्या जळक्या मोटारी भरणारी, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळणारी. तिने पट्टी हुंगली आणि सुकलालच्या बायकोला विचारलं, "जयश्री, देवीला जळक्या वायरचा वास कधीपासून यायला लागला?"

मेन बंद करा, ती म्हणाली. महाराज आडवे आले. मेन बंद झाला तर देवी बाळाला घेऊन जाईल, असं सगळ्यांदेखत बजावलं. सुकलालचा मेनकडे उचललेला हात खाली आला.

जयश्री उठली. "पोऱ्या मना शे. काय व्हयी ते मी देखसू." तिने खटका खाली ओढला.

एसी घरघरत थांबला. बाळाने जांभई दिली.

उषाबाईने फ्यूज उपसला, तार सोडवली. "ही मोटार भरायची तांब्याची तार. माझ्या दुकानाच्या कचऱ्यात पडते. मंत्राचं ठाऊक नाही, झाडू मात्र मीच मारते." मग पट्टी उचकटली. पाळण्यामागे वायरचं आवरण वितळून तांबं उघडं पडलं होतं. फ्यूजची बारीक तार घर वाचवायला वितळते, तिने सांगितलं. तिथे जाड तार घातली, की ती टिकते आणि भिंतीवरची वायर पेटते.

महाराज म्हणाले, श्रद्धा हवी.

"मग हीच तार तुमच्या घरी लावू," उषाबाई म्हणाली. महाराजांना बमरोलीत तातडीचं काम आठवलं.

दुसऱ्या दिवशी वायरमनने वितळलेली वायर बदलली, मीटरपासून एसीसाठी वेगळी जाड वायर ओढली, तिला मोठा प्लग, स्वतःचा योग्य तारेचा फ्यूज आणि अर्थिंग दिलं. तोवर बाळाला आम्ही पाळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घातला.

तुमच्याकडे फ्यूज उडत असेल, तर हात जोडू नका. मेन बंद करा, वायरमनला बोलवा, आणि विचारा, एवढा भार आला कुठून? प्रश्न विचारल्याने कुठली देवी रागावत नाही. रागावलीच, तर जयश्रीकडे पाठवा.