सात पाट्यांची कमान

सयाजीची मोटार गावात शिरायची तेव्हा आधी आवाज यायचा, मग धूळ, आणि सगळ्यांत शेवटी मोटार. लढाई संपून दुसरं वर्ष लागलं होतं. तीन वर्षं त्यानं ब्रह्मदेशाच्या रानात लष्कराचा ट्रक हाकला होता, आणि परत आल्यावर एका इनामदाराच्या गोठ्यात कोंबड्यांनी अंडी घातलेली मोटार विकत घेऊन तिच्यात जीव भरला होता. चाकांवर धक्के झेलणाऱ्या तिच्या मूळच्या कमानी सात-सात पाट्यांच्या, नाजूक. सयाजीला त्यांचा भरवसा वाटेना. खडकीला लष्करी मालाचा लिलाव झाला, तिथून त्यानं ट्रकचे पोलादी पाटे आणले आणि दर कमानीत दोन-दोन चढवले. नऊ झाले. वरून काथ्याचा दोर करकचून गुंडाळला, दोरावर तार आवळली. रानात तो असंच करायचा, आणि त्याची कमान तिथं एकदाही तुटली नव्हती.

तासगावच्या बाजाराला मोटारीत बारा माणसं बसत. दोघं-तिघं पायरीवर लोंबकळत. कमान हूं की चूं करत नसे.

"पोलाद हाय पोलाद," सयाजी बॉनेटवर थाप मारून सांगायचा.

दिवाळीच्या आधी त्याची आई, आंबूबाई, विहिरीच्या थारोळ्यावर घसरली. गुडघा दुखावला. मिरजेच्या दवाखान्यात सव्वा महिना पाय पलिस्तरात होता. पलिस्तर निघालं, तर पाय तसाच सरळ, लाकडासारखा. डॉक्टर म्हणाले, महिनाभर रोज आणा. शेक देऊ, चोळून हळूहळू वाकवू. महिना टळला तर गुडघा असाच राहील.

असाच राहील म्हणजे काय, ते घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. जात्यावर बसायचं तर एक पाय लांब सोडून दुसरा दुमडावा लागतो. आंबूबाईला दुमडायचा तो हाच पाय. या घराची पहाट चाळीस वर्षं तिच्या ओवीनं उजाडत होती. आता सून बनुबाई दळायची, मुकाट. एकदा आंबूबाई बाजल्यावरून म्हणाली, "म्हण की गं एखादी." बनुबाई म्हणाली, "आत्याबाई, मला सुचत न्हाई. तुमीच म्हणा, मी दळते." त्यावर आंबूबाई कुशीवर वळली. "जात्याला हात न्हाई माझा, आन् ओवी कुटनं यायची?"

मिरज अकरा मैल. पहिल्या दिवशी सयाजीनं आईला मायेनं एकटीलाच मागच्या बाकावर बसवलं, पाय लांब करायला जागा हवी म्हणून. दुसरा उतारू घेतला नाही. रिकामी मोटार खडीवरून उड्या मारत निघाली. दोन मैलांवर आंबूबाई ओरडली. चार मैलांवर ओरडायचीही थांबली, नुसते ओठ आवळून बसली. घरी आल्यावर खाली उतरली ती डोळ्यांत पाणी घेऊन, आणि तेवढ्यातही जिभेची धार कमी नव्हती.

"सया, लेका, ब्रह्मदेशातनं जिता आलास असल्याच गाडीतनं? मग तुला मरण न्हाई."

"आये, उद्या हळू चालवतो."

"उद्या तू जा. मी न्हाई येत. पाय राहू दे सरळ, सरनावर बरा मावंल."

"आये!"

तो दिवसभर मागं लागला. शेवटी आंबूबाईनं बनुबाईकडं बघितलं आणि म्हणाली, "रातचं दही लाव गं गाडग्यात. ते माज्या जागी बसू दे बाकावर. मिरजंला जाऊन दही मोडल्याबिगर घरी आलं, तर मी येईन. दह्याला दुखत न्हाई असं म्हणू नगंस, सया. दही खोटं बोलत न्हाई."

दुसऱ्या सकाळी बाकावर वाकळ, तिच्यावर जोंधळ्याच्या सरमाडाची गादी, गादीवर चुंबळ, चुंबळीवर दह्याचं गाडगं. सयाजी मिरजेला गेला आणि आला. आंबूबाईनं वरचं फडकं काढलं. आत पाणी वेगळं आणि चोथा वेगळा झाला होता.

"ताक घुसळून आणलंस व्हय रं?" ती म्हणाली. "लोणी कुटं सांडलंस?"

बनुबाई पदर तोंडाला लावून आत पळाली. सयाजीला मात्र हसू आलं नाही. एक दिवस गेला होता.

दुसऱ्या सकाळी त्याच्या वावरात धुळाची मेंढरं बसायला आली. धुळा तिकडचा, माणदेशाच्या कोरड्या मुलखातला धनगर. दर हिवाळ्यात कळप घेऊन उतरायचा, चार रात्री वावरात मेंढरं बसवायचा. वावराला खत मिळे, धुळाला जोंधळे. सकाळची कोवळी उन्हं खात तो मोटारीजवळ उकिडवा बसला. सयाजी खाली उताणा पडून तार आणखी आवळत होता.

"काय करतोस गड्या?"

"दोर सैल झालाय का बघतोय. आणखी दोन येढे द्यावं म्हन्तो."

धुळानं वाकून कमानीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ह्ये पाटं एकावर एक ठेवल्यात, व्हय?"

"व्हय."

"मग चालताना एकमेकांवर सरकत असतील की."

"सरकू नयेत म्हणून तर बांधलंय!"

धुळा हसला. हातातली काठी त्यानं झाडाखाली उभ्या असलेल्या आपल्या घोडीकडं केली. तिच्या पाठीवर त्याचा सगळा संसार होता. वाकळा, भांडी, खुराडं, आणि सगळ्यांच्या वर त्याची दोन वर्षांची नात आडवी झोपलेली.

"मध्यरातीधरनं तीन कोस आलीय, पोर जागी न्हाई. का? घोडीचा तंग बोटभर ढिला ठेवतो मी. पयल्यांदा मीबी करकचून बांधायचो, वझं पडंल म्हणून. घोडी लाकडासारखी चालायची आन् पोर रडून रडून जीव द्यायची. पाठ हलाय पायजे बाबा. पाठ हलली तर वरचं हलत न्हाई."

सयाजी मोटारीखालून बाहेर आला. त्याच्या कपाळाला मळी होती. तो घोडीच्या पोटाखालच्या पट्ट्यात बोट घालून बघून आला, आणि त्यानं पक्कड उचलली.

रानातली कमान का तुटली नाही, ते त्याला आता आठवत होतं. तिथं ट्रकवर दारूगोळा असायचा. ती कमान ओझ्यासाठी होती. माणसासाठी कुणी बनवलीच नव्हती.

तार तोडली, दोर सोडला. लष्करी पाटे काढले आणि भरात आणखी एक मूळचाही काढला. सहा राहिले. दोराखाली पाट्यांना गंज चढून ते एकमेकांना चिकटले होते. सयाजीनं एकेक पाटा विटेच्या तुकड्यानं घासला. बनुबाईनं बैलगाडीच्या चाकाला घालतात तसलं वंगण आणून दिलं, एरंडेलात जळक्या काडाची काजळी खलून केलेलं. दोन पाट्यांच्या मध्ये ते बोटानं सारवलं. कमान जोडली. मोटारीचं ढुंगण दाबून बघितलं, तर ते खाली गेलं आणि सावकाश वर आलं, झोपेतून उठल्यासारखं.

"आता बघ," तो म्हणाला.

गाडगं पुन्हा मिरजेला गेलं. खडीवर मोटार अशी चालली की सयाजी वाटेनं शीळ घालत होता. पण ओढ्याच्या उतारावर कमान पार खाली बसली आणि खालून हातोडा मारल्यासारखा दणका आला. घरी फडकं काढलं तेव्हा दही होतं, पण मधोमध भेग पडून.

"निम्मं पोचलं," आंबूबाई म्हणाली. आज तिनं टोमणा मारला नाही. भेगेकडं बघत राहिली. "उरल्यालं निम्मं कवा पोचंल रं?"

तिच्या आवाजात पहिल्यांदाच आशा होती, आणि तीच सयाजीला जास्त लागली. दुसरा दिवसही गेला होता.

संध्याकाळी त्यानं काढलेला मूळचा पाटा परत चढवला. सात. इनामदाराच्या मोटारीला होते तेवढेच. चाकांतली हवा थोडी कमी केली. धुळा शेजारी बसून चिलीम ओढत होता.

"खडकीपर्यंत जाऊन आलास की रं," तो म्हणाला, "आन् हुतं तितकंच ठेवलंस."

"हुतं तितकं कुटं? आता वंगण हाय."

"ते खरं."

तिसऱ्या सकाळी गाडगं निघालं. सयाजीनं शीळ घातली नाही. ओढा आला, कमान खाली गेली, जाता जाता थांबली, वर आली. परतल्यावर त्यानं गाडगं स्वतः उचललं नाही. बनुबाईनं उचललं आणि बाजल्याजवळ नेलं. आंबूबाईनं फडकं बाजूला केलं. वरची साय तशीच, काल रात्री लावली तेव्हासारखी, एक सुरकुती नाही. तिनं बोटानं कडेची कवडी काढली, तोंडात घातली.

"आंबट हाय," ती म्हणाली. मग बोट पदराला पुसत, "लुगडं दे गं धुतल्यालं. मिरजंला जायाचंय."

त्या दिवशी सयाजी दुसऱ्यांदा मिरजेच्या वाटेला लागला. आंबूबाई मागे पाय लांब करून, दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरून बसली होती. दोन मैल गेले. चार गेले. बाभळींच्या सावल्या मोटारीवरून सरकत होत्या. सयाजीला मागं वळून बघायचा धीर होत नव्हता. तो नुसता कान देऊन बसला होता, ओरडण्याची वाट बघत.

ओढा जवळ आला तेव्हा मागून काहीतरी ऐकू आलं. त्याचा पाय ब्रेककडं गेला, पण ते ओरडणं नव्हतं. बारीक, गुणगुणल्यासारखं, अडखळत सुरू झालेलं, आणि मग चाकांच्या घरघरीत बसलेलं.

*मिरजेच्या वाटेवरी, बाभळीची गं सावली*
*लेकानं हालिवली, पाळण्यात गं माउली*

कमान ओढ्यात खाली गेली. सूरही किंचित खाली गेला, आणि कमानीबरोबर वर आला. तुटला नाही.

सयाजीनं मोटार आणखी हळू केली. खरं तर गरज नव्हती.

"आये," तो पुढं बघतच म्हणाला, "जात्याबिगर ओवी येती व्हय?"

"गप, म्होरं बघून चालव," आंबूबाई म्हणाली. "ही चाकं बी गरगर फिरत्यातच की. पीठ तेवढं पडत न्हाई." तिचे हात बाकाच्या कडेवरून कधीच सुटले होते, मांडीवर निवांत पडले होते.

दवाखान्यात त्या दिवशी गुडघा दोन बोटं वाकला. परतीच्या वाटेनं तिनं दोन ओव्या आणखी जोडल्या. एक बनुबाईची, एक धुळाच्या घोडीची. घरी आल्या आल्या बनुबाईला हाक मारून म्हणाली, "ह्या ध्यानात ठेव. महिन्याभरानं जात्यावर लागतील."

गाडग्यातलं दही तोवर धुळाच्या नातीनं संपवलं होतं.