तोलेफ लुंडेचा वारस

शनिवार, दिनांक १४ मे २०११, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. हेगदाल गावच्या जुन्या दफनभूमीत उभे दगड दोनशे बारा. ही मोजणी तोर्गिल्स लुंडे यांनी स्वतः केली होती, म्हणजे ती बरोबर होती. चुकण्याचे काम त्यांनी इतर गावकऱ्यांसाठी राखून ठेवले होते.

कललेला दगड कोणाच्या तरी अंगावर पडेल या धास्तीने चर्चच्या मंडळाने ठरवले होते की, ज्या मृताचा वंशज देखभालीची लेखी हमी देईल त्याचाच दगड उभा राहील. बाकीचे भिंतीलगत आडवे केले जातील. इतका ढिसाळ नियम स्थानिक इतिहास मंडळाच्या अध्यक्षांना, अर्थात तोर्गिल्स यांनाच, पटणे शक्य नव्हते. त्यांनी त्याला शेपूट जोडले: नाते चर्चच्या नोंदवहीतून सिद्ध झाले पाहिजे.

श्रमदानाला आलेले लोक बादल्या आणि ब्रश घेऊन शेवाळ खरवडत होते. बर्चच्या झाडाखाली टेबल टाकून अध्यक्ष नाती तपासत होते. दुपारपर्यंत त्यांनी अकरा अर्ज फेटाळले. अकरावा शेजारच्या योरुनचा होता.

"अरे तोर्गिल्स, चाळीस वर्षं मी नाताळात त्या दगडापाशी मेणबत्ती लावतेय!"

"मेणबत्तीने नातं सिद्ध होत नाही, योरुन."

"मग कशाने होतं? तुझ्या शिक्क्याने?"

"नोंदवहीने."

"त्याच वहीत पाद्र्याने तुला नापास करून धर्मपाठाला दोनदा बसवल्याचंही लिहिलं असेल. तेही वाच एकदा मोठ्याने."

स्वतःचा अर्ज त्यांनी सर्वांत शेवटी ठेवला होता. आवडीचा घास शेवटी राखावा, तसा. दफनभूमीतला सर्वांत देखणा दगड तोलेफ लुंडेचा होता: काळा, घोटीव, नावाखाली 'शेतमालक' अशी पदवी कोरलेली. तीस वर्षे तोर्गिल्स त्याला साबणाने धूत आले होते. त्यांना चौऱ्याहत्तरावे लागले होते, आणि आपली राख याच दगडाखाली जावी, एवढी एकच इच्छा उरली होती. वंशजाला तशी परवानगी मिळत असे. पदवीखाली स्वतःचे नाव किती ओळींत बसेल हेही त्यांनी मोजून ठेवले होते.

नोंदवहीच्या नकला त्यांची चुलत बहीण एल्ड्रिड पाहत होती. सारा जन्म टपाल कचेरीत काढल्यामुळे कोणाचाही पत्ता शोधण्यात ती पटाईत होती. तिने त्यांना अवजारांच्या खोपटामागे नेले.

"बसतोस का जरा?"

"उभाच बरा आहे."

"मग कशाला तरी धर. तोलेफ बिनलग्नाचा मेला. मूलबाळ नाही."

"अशक्य! मी लुंडे आहे."

"अरे, त्या काळी लुंडेच्या शेतावर जो राहील तो लुंडे. मालक लुंडे, गडीही लुंडे. शेत सोडलं की नाव सुटलं. आपला पणजोबा आस्लाक तिथे दोन वर्षं गाई राखायला होता. मग ब्रोतेनच्या खडकाळ तुकड्यावर गेला, आणि आस्लाक ब्रोतेन म्हणूनच मेला. पुढे आडनाव कायमचं ठरवायचा कायदा आला, तेव्हा आजोबांनी दोन्हींतलं भारदस्त ते उचललं."

"म्हणजे मी तीस वर्षं..."

"तोलेफची चाकरी केलीस. पणजोबाला निदान जेवण तरी मिळायचं."

तोर्गिल्स यांनी खोपटाची कडी धरली. "आस्लाक कुठे आहे?"

"उत्तरेच्या भिंतीशी, तुझ्या गुडघ्याइतकी पाटी. पदवी नाही. पुरावा मात्र लख्ख."

"कोणाला बोललीस?"

"नाही, आणि बोलणारही नाही. सही तुझी, शिक्का तुझा. मी वाफल खायला चालले."

तोर्गिल्स टेबलाशी परतले. तोलेफचा अर्ज भरलेला होता. सहीची जागा तेवढी कोरी होती. तो कोणी तपासला नसता, कारण तपासणारे गावात एकटे तेच होते. सहीसाठी त्यांनी पेन टेकवलेही. पण सकाळपासून अकरा जणांना लावलेला नियम बाराव्याला लावायचा नाही, म्हणजे कामात अनियमितता! गुराख्याचा पणतू म्हणवून घेणे त्यांना एक वेळ जमले असते. अनियमित म्हणवून घेणे नाही. त्यांनी अर्जावर आडवी रेघ मारली, 'वंशज नाही' असे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि शिक्का मारला. मग नवा कोरा अर्ज ओढला.

कॉफी ओतायला आलेल्या योरुनने त्यांच्या खांद्यावरून वाचले.

"आस्लाक ब्रोतेन? हा रे कोण?"

"माझा पणजोबा," तोर्गिल्स म्हणाले. मग, पद लिहायचे राहून गेल्यासारखे पुढे म्हणाले, "गुराखी."

योरुनने त्यांचा कप काठोकाठ भरला.

"बरं झालं. माणसांत आलास. पण माझा अर्ज?"

"फेटाळलेला आहे."

"मेल्या!"

चार वाजता ट्रॅक्टर आला. तोलेफ लुंडेला भिंतीलगत आडवे करायला सहा माणसे लागली. दोर धरणाऱ्यांत अध्यक्षही होते, आणि दगडाच्या कडेला ओरखडा पडू नये म्हणून सूचनाही तेच देत होते. त्यानंतर त्यांनी अहवाल लिहिला. आडवे केलेले दगड एकशे तेहतीस. उभे राखलेले, आस्लाक ब्रोतेन धरून, एकोणऐंशी.