काटा रुतला, पण दुखला नाही

माझा तुलाराम पंचेचाळिशीचा झाला, पण माझं ऐकायची वेळ आली की त्याचे कान बंद. तळ्यात जाळं कुठं टाकायचं ते त्याला मी शिकवलं. साखरेच्या रोगाच्या गोळ्या सोडू नकोस म्हटलं, तर म्हणतो, "तुले काय समजते, माय?"

त्याला समज देणारा दुसराच होता. भैयाजी. दिघोरीजवळच्या आमच्या तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मांडव टाकून बसला होता. सकाळी शंभर माणसं रांगेत. त्याचा चेला ताराचंद बोट टोचून मशीनवर साखर मोजायचा. भैयाजी तांब्यातलं पाणी पाजायचा. मग तळ्याला पाच फेऱ्या, अनवाणी. तासाभरानं पुन्हा बोट टोचायचं. अडीचशेची साखर एकशेऐंशी! बाया तिथंच आडव्या होऊन पाया पडत.

"सबकी शक्कर मेरे लोटे में उतरती है," भैयाजी डोळे मिटून सांगायचा. "पायात चप्पल घातली, शक्कर वापस. घरात गोळी ठेवली, रोग वापस."

तुलारामनं गोळ्या तळ्यात फेकल्या. "मासोळ्याइले कधीपासून साखर झाली?" मी विचारलं. तो हसला नाही.

शिंगाडे काढायचे दिवस होते. पाळीवर काटेरी सालींचे ढीग. एका दुपारी तुलाराम अंगणात आला, तर मागं रक्ताची पावलं. मी पाय धरून पाहिला. अंगठ्याखाली पेरभर काटा रुतलेला.

"दुखत नाही का रे?"

"नाही ना. भैयाजीनं दुखणंबी उतरवलं."

मी तशीच उपकेंद्रात गेले आणि मंजुषा सिस्टरला घेऊन आले. तिनं काटा काढला, जखम धुतली, तळव्याला कापूस लावून विचारलं, "काही समजते?" त्याला काहीच समजत नव्हतं.

"साखरेनं तुमच्या पायाच्या नसा बधिर झाल्या, भाऊ," ती म्हणाली. "हा चमत्कार नाही, रोग वाढला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात चला."

तो उठून पाळीवर गेला.

दुसऱ्या सकाळी सिस्टर स्वतःचं मशीन घेऊन मांडवात उभी राहिली. साखर मलाही आहे. माझी निघाली दोनशे सेहेचाळीस, ताराचंदची दोनशे अडतीस. हो, चेल्यालाही साखर होती. लोकांसमोर कबूल करताना मान खाली. त्याला तिनं भैयाजीच्याच तांब्यातलं पाणी पाजून बसवलं. मी पाण्याला शिवले नाही. चप्पल घालून पाच फेऱ्या मारल्या.

तासाभरानं माझी एकशे एकाहत्तर. ताराचंदची दोनशे एक्कावन्न.

"पाहा," सिस्टर लोकांना म्हणाली, "चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. म्हणून ती उतरते. पाण्यानं नाही. पण हा गुण काही तासांचा, फार तर दिवसभराचा. म्हणून रोज चालायचं, गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायची नाही, अन् चप्पल तं घालायचीच."

मला वाटलं, आता सुटलो. भैयाजीनं डोळे उघडले.

"अम्मा के मन में श्रद्धा छुपी थी. ताराचंद के मन में घमंड."

आणि माणसं माना डोलवायला लागली. माझ्यासमोर! माझा तुलारामही. घरी त्याचं पायताण मी दारात आडवं ठेवलं, तो ओलांडून गेला. जेवण बंद केलं, तो मांडवात जेवला. एवढ्या मोठ्या माणसाला कडेवर घेऊन दवाखान्यात नेता येत नाही. नेता आलं असतं तर नेलं असतं.

तीन आठवड्यांनी पाय सुजून काळा पडला. ताप चढला तेव्हा तो स्वतःच "माय, चाल" म्हणाला. भंडाऱ्याला त्याच्या पायाची दोन बोटं कापली. तोवर भैयाजीचा मांडव उठला होता.

खाटेवर पडल्या पडल्या तुलाराम म्हणतो, "भैयाजी असते तं बोटं वाचली असती."

मी सगळ्या वार्डाला ऐकू जाईल असं बोलले.

"तुही साखर तुह्या पायानं उतरवली, तुलाराम. अन् तू हात जोडले लोट्याले. आता तरी पायात चप्पल घाल, गोळी खाय, रोज तळवा पाह्य, अन् डॉक्टर म्हणन तवा चाल. ज्याले दुखत नाही, त्यानं डोळ्यानं पाहा लागते. तुले डोळे होते. तू ते त्याच्यासंगं मिटून बसला."