कापून बघा

बिरदेव कोकऱ्यांनी डाव्या बुटाची टाच व्हर्निअरच्या जबड्यात धरली, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, आकडा वाचला आणि उजव्या बुटासाठी हात पुढे केला. कुमारने तो दिला. दोन्ही टाचा तंतोतंत सारख्या निघाल्या. तळाची जाडी सारखी, टाक्यांमधले अंतर सारखे, पुढच्या टोकाचा उतारही सारखा. बिरदेवरावांच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली. एखादा तरी फरक सापडायला हवा होता.

"मशीननं केलेत का?"

"हातानं. मी केलेत, आण्णा. काल जपानहून आल्या आल्या सांगितलं की."

"सांगितलंस. म्हणून तर मोजतोय."

बूट काळे होते, सुटावर घालायचे, आणि अशा झळाळीचे की त्यात ओट्याचे पत्रे दिसत. जळकोटच्या त्या घरात ओट्याच्या एका अंगाला बिरदेवरावांनी आपला बेंच मांडला होता. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवण्यात त्यांची उभी नोकरी सरली होती. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, बेंच सुटला नाही. कुमारला पहिली कानस त्यांनीच इथे धरायला शिकवली. पुढे त्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, जपानला यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागला, आणि बिरदेवरावांची मान ताठ झाली. मग कुणाला न विचारता त्याने ती नोकरी सोडली आणि एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली बूट शिवायला बसला. फोनवर हे ऐकले त्या दिवसापासून बिरदेवरावांनी गावात एकच वाक्य लावून धरले होते: "पोरगं मशीनच्या कंपनीत आहे."

तेच वाक्य त्यांनी मुलाकडच्या, सास्तूरच्या बंडप्पांनाही सांगितले होते. लेकीसाठी, अक्षदासाठी, स्थळ शोधता शोधता त्यांनी जोडे झिजवले होते. आता कुठे एक मनासारखे जुळत आले होते, आणि आज चार वाजता बंडप्पा लग्नाची बोलणी पक्की करायला येणार होते. बंडप्पा जुन्या वळणाचे. ज्या घरात चामड्याचे काम चालते त्या घरचे पाणीसुद्धा न घेणाऱ्यांच्या पंगतीत वाढलेले. त्यांच्यासमोर काय सांगायचे?

"सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभारून काय सांगत हुता पोरास्नी?" तारामती तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "कामाला जात नसती म्हणून. मंग आताच का घसा बसला?"

"ते भाषण होतं."

"आन् हे काय हाय?"

बिरदेवरावांनी पुन्हा बूट उचलला आणि वाकवून बघितला. तो वाकला आणि सोडताच पूर्ववत झाला. याचाही त्यांना राग आला.

"तिथं काय भाव मिळतो याला?"

कुमारने सांगितला.

"बया!" तारामतींनी सूप खाली ठेवले. "तेवढ्यात शेळ्यांचं खांड उभं राहिलं असतं."

"शेळ्या मरतात, आई. हे बूट तळ बदलत गेलं तर पंचवीस-तीस वर्षं जातात."

"कशावरून?" बिरदेवरावांनी विचारले.

"आतल्या कामावरून."

"आतलं दिसतंय कुठं? वरून गुळगुळीत तर आपल्या तालुक्यातले रस्तेही असतात. उद्घाटनाच्या दिवशी."

"तिथं जे दिसत नाही तेच आधी तपासतात, आण्णा. उस्तादांनी माझे कितीतरी जोड परत केले. हा पहिला, जो त्यांनी परत केला नाही."

"उस्ताद म्हणतील ते वेदवाक्य. आणि बापानं शिकवलं ते भंगार!"

कुमार उठला. खुंटीवरची मोटारसायकलची किल्ली त्याने ओढून घेतली.

"विश्वास नसेल तर कापून बघा. म्हणजे तुम्हीही सुटलात आणि मीही." पायरी उतरता उतरता तो म्हणाला, "पेढे आणतो."

बिरदेवरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या वर्कशॉपमध्ये वरच्या रूपावर एकही वेल्डिंग पास झाले नव्हते. जॉब करवतीने मधोमध कापायचा, कापलेला भाग घासायचा, आत पोकळी राहिली का बघायचे आणि मगच गुण द्यायचे. कुमारला हे त्यांनीच शिकवले होते. म्हणजे पोराने एक तर टोमणा मारला होता, नाही तर आठवण करून दिली होती. दोन्ही सारखेच झोंबणारे.

त्यांनी सदरा काढून ठेवला. उजवा बूट व्हाइसमध्ये आवळण्याआधी चामड्याला वळ पडू नयेत म्हणून दोन्ही जबड्यांना मऊ फडके गुंडाळले. मग हॅकसॉ उचलली आणि टाचेपासून टोकापर्यंत कापायला सुरुवात केली.

आवाजाने अक्षदा धावत बाहेर आली.

"आण्णा! अहो, काय करताय?"

"तो म्हणाला, काप."

"माणूस रागात 'जीव देतो' म्हणतं. म्हणून कुणी दोर आणून देतं का?"

"सूचना स्पष्ट होती."

"चार वाजता माणसं यायचीत आणि तुम्ही बनियनवर, भुशात!" तिने कपाळाला हात लावला आणि आत गेली. आतून भांडे जरा जास्तच जोरात आपटल्याचा आवाज आला.

टाचेतल्या खिळ्यांनी वेळ खाल्ला. शेवटी बूट दोन फाकांत उघडला. बिरदेवरावांनी एक फाक उजेडाकडे धरली. टाचेत चामड्याचे थर एकावर एक असे बसले होते की नख शिरायला जागा नव्हती. कडेची पट्टी आणि आतला तळ यांना जोडणारा दोरा मेण लावलेला, प्रत्येक टाका सारख्याच ताणाचा. मधल्या पोकळीत कॉर्क कोपऱ्या-कोपऱ्यात दाबून भरलेला. अस्तराखाली, जिथे कुणाचीही नजर जायची नव्हती, तिथेही चामड्याची कड तासून तासून कागदासारखी पातळ केली होती.

मग त्यांचे बोट थबकले. पावलाच्या कमानीखाली पोलादी पट्टी असायला हवी होती. तिथे बांबूची चपटी कामटी होती.

सापडले! दिवसभर शोधत होते ते सापडले, पण व्हायला हवा होता तो आनंद मात्र काही केल्या होईना. त्यांनी कामटीवर नख दाबले. तेवढ्यात दारात जीपचा हॉर्न वाजला.

दिलेल्या वेळेआधी पोचणारी माणसे या जिल्ह्यात निपजली होती, आणि तीही नेमकी आजच. बिरदेवरावांनी सदरा चढवला; गुंडी चुकीच्या काजात गेली. बरोबरच्या दोन बायका रामराम करून आत गेल्या आणि बंडप्पा ओट्यावरच्या बाजेवर टेकले. चहा आला. बंडप्पांची नजर कपाकडे गेलीच नाही.

"सर, हे काय मांडलंय? बूट का कापला?"

"तपासायला."

"तपासायला कापत्यात व्हय? आमी कलिंगड कापतो तसं?" बंडप्पा खदखदून हसले. "गोड निघाला का?"

विषय तिथेच मिटवता आला असता. पण कामाला हसलेले बिरदेवरावांना जन्मात सहन झाले नव्हते. त्यांनी एक फाक बंडप्पांच्या हातात दिली, दुसरी व्हाइसमध्येच होती, आणि वर्गात शिकवावे तसे टाचेपासून सांगायला लागले. चहावर साय धरली. बंडप्पा आधी मान हलवत होते, मग खरेच बघू लागले, आणि बघता बघता त्यांचे जाड बोट कामटीवर येऊन थांबले.

"हा तर बांबू हाय की वो! लोखंड घालायच्या जागी बांबू? फशिवलं, सर, तुमाला. मेंढरू दावून शेरडू इकलं."

घटकेपूर्वी बिरदेवरावांच्या मनात आलेले तेच हे होते. पण परक्या तोंडून ऐकताना ते कानाला खरखरले.

"फसवलं?" त्यांचा आवाज चढला. "ही शिवण बघा. हे अस्तराखालचं काम बघा, जे घालणाऱ्याला कधीच दिसायचं नाही. जो माणूस तिथं चोरी करत नाही, तो मधेच बांबू घालून फसवील? माझ्या मुलानं केलाय हा बूट!"

आत कपबश्यांचा आवाज थांबला.

"मुलानं म्हंजी?" बंडप्पांनी विचारले. "त्यो तर मशीनच्या कंपनीत…"

"होता. आता बूट करतो. चामडं कापतो, शिवतो, स्वतःच्या हातानं."

चुकीचे माप वाचणाऱ्या विद्यार्थ्याला दुरुस्त करावे तशा वैतागाने ते हे बोलून गेले. बोलून झाल्यावर त्यांना उंबऱ्यात उभी असलेली अक्षदा दिसली. ती पोह्यांचे ताट घेऊन आली होती आणि पुढे यायचे की मागे जायचे, हे तिला कळत नव्हते. तिच्या मागे तारामती उभ्या होत्या. पायरीपाशी कुमार पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. तो कधी आला ते कुणाच्याच ध्यानात आले नव्हते.

"उभा काय राहिलास?" बिरदेवराव त्याच्यावरच खेकसले. "बांबू का घातलास ते सांग ह्यांना. मलाही सांग. मी असतो तर पोलाद घातलं असतं."

कुमारने व्हाइसकडे पाहिले. जबड्यात आवळलेली फाक, भोवतीचे फडके, खाली चामड्याचा भुसा. पुडा त्याने पायरीवर ठेवला, चपला काढल्या, ओट्यावर आला आणि वाकून कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"ब्लेड तरी नवं घ्यायचं, आण्णा," तो म्हणाला. "कड पार फाडून टाकली."

बिरदेवराव स्टुलावरून उठले, स्टूल त्यांनी पायाने त्याच्याकडे सरकवले आणि आपण बेंचला टेकून उभे राहिले.

कुमार बसला. "पोलाद घामानं गंजतं. बांबू हलका असतो आणि वाकून परत जाग्यावर येतो," तो म्हणाला. बंडप्पांनी एकदा बाहेरच्या जीपकडे पाहिले, एकदा उंबऱ्यातल्या पोरीकडे. हातातला अर्धा बूट त्यांनी अजून खाली ठेवला नव्हता.