न सुटणारी पकड

“उजवा… घे ना,” नवरा म्हणाला.

तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रोज सकाळी त्याला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवताना तिचा उजवा हात त्याच्या काखेखालून पाठीमागे जायचा. आज डावा गेला होता. पक्षाघातानं त्याची उजवी बाजू गेली होती आणि शब्द एकेक करून, अडखळत येत होते, पण नजरेतून काही सुटत नव्हतं.

“दुखतोय?”

“छे! झोपेत अवघडला असेल.”

“दाखव.”

“डॉक्टर कधीपासून झालात? चला, पाय टेका. माझ्याकडे झुका. हां.”

तो खुर्चीत बसला. दोघांनाही दम लागला होता, त्यामुळे विषय तिथेच राहिला.

दुखत होतं ते दंडाच्या मधोमध, खूप आत. स्नायू दुखला की चोळल्यावर बरं वाटतं; हे चोळून थांबत नव्हतं आणि दाबून सापडत नव्हतं. ओझं उचलताना ते गप्प असायचं. केस बांधताना, कुलपात किल्ली फिरवताना, नवऱ्याच्या पाठीमागे हात घालताना, म्हणजे हात थोडासा पिळला गेला की जागं व्हायचं. बरेच दिवस झाले होते. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर आजच्या स्पर्धेत तिला पंजा कुणी लढवू दिला नसता.

ती रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. भरलेले डबे तारेच्या कडीला धरून पट्ट्यावरून उचलायचे आणि थप्पीला लावायचे, हे काम. एकदा एका डब्याचं झाकण अडकलं आणि सुपरवायझर पक्कड शोधत फिरत होता. तेवढ्यात तिनं ते बोटांनी उपटून काढलं. “अरे, पक्कड शोधताय कशाला, ही काय उभी!” असं कुणीतरी म्हणालं. तेव्हापासून सगळे तिला पक्कडच म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या टेबलावर पंजा लढवणं तेव्हाच सुरू झालं. कारखान्याच्या वार्षिक स्पर्धेत बायकांमध्ये पहिला नंबर तिचा, हे इतकी वर्षं ठरल्यासारखं होतं. गेल्या वर्षी स्टोअरमध्ये एक उंच, लांब बोटांची मुलगी नवीन आली. स्पर्धेत तिनं आपली मूठ पक्कडच्या अंगठ्यावर चढवून तिची बोटं एकेक करून उघडली आणि हात सहज आडवा केला. “पक्कड गंजली रे!” म्हणून कॅन्टीन हसलं होतं. तीही हसली होती. दुसऱ्याच दिवशी तिनं पकड वाढवायचा स्प्रिंगचा चिमटा विकत आणला.

वर्षभर ती तो दाबत राहिली, भाजी शिजेपर्यंत, नवऱ्याचा डोळा लागेपर्यंत. खिडकीच्या गजाला टॉवेल अडकवून त्याला लोंबकळायची. बोटं आता अशी झाली होती की धुतलेलं भांडं हातातून खाली ठेवताना ती सोडायची हे मुद्दाम लक्षात आणावं लागायचं.

दुपारी कॅन्टीनमध्ये तिचा थोरला भाऊ समोर येऊन बसला. तो त्याच कारखान्यात वायरमन होता. एके काळी तोही पंजा खेळायचा.

“चिमटा आणलायस वाटतं बरोबर. जेवणाला तोंडी लावायला?”

“पंजा आहे दादा. पकड नको?”

“हवी. पण नुसत्या पकडीनं पंजा जिंकत नाहीत, बाई. हुक मोठा लावला म्हणून क्रेन जास्त वजन उचलते का? ओढायचं काम मनगटाचं आणि पाठीचं. मनगट आत वळवून ठेव म्हणून मी कानीकपाळी ओरडतोय. त्याचा सराव केलास?”

“गेल्या वर्षी माझी बोटंच सुटली होती ना?”

“सुटली म्हणून वाचलीस.”

“म्हणजे?”

“फ्यूज सारखा उडतो म्हणून लोक त्यात जाड तार घालतात,” तो म्हणाला. “मला बोलावतात ते भिंतीतून धूर आल्यावर. तुझी बोटं सुटायची तिथं जोर संपायचा. आता ती सुटणार नाहीत. मग तो जोर जाणार कुठे?”

त्यानं टेबलावरून हात लांब करून तिच्या दंडावर बोट ठेवलं. तिनं हात मागे घेतला, जरा जास्तच पटकन.

“दुखतंय.”

“नाही.”

“माझ्याकडे बघून सांग.”

“नाही म्हटलं ना!”

त्यानं डबा बंद केला. “आमच्या वेळी एकाचा मोडला होता. माझ्या समोर. सुकी फांदी मोडावी तसा आवाज. समोरच्यानं काही केलं नव्हतं गं. त्यानं स्वतःच मान फिरवली. नजर फिरली की खांदा फिरतो, आणि हात तर तिकडे अडकलेला. मधलं हाड पिळलं जातं. त्या दिवसापासून मी टेबलाला हात लावला नाही. उद्या तुझं असं झालं तर दाजींना उचलणार कोण?”

“सकाळी त्यांना उचलते, दिवसभर डबे उचलते, संध्याकाळी परत त्यांना,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “वर्षातून एकदा हा हात मी माझ्यासाठी टेबलावर ठेवते, दादा. एकदा.”

 वायरमन म्हणाला, “मी त्या स्टोअरच्या मुलीच्या मागे, तुझ्या समोर उभा राहीन. पण तू मुठीकडेच बघायचं. आणि मी ‘सोड’ म्हटलं की सोडायचं. हरलीस तरी चालेल.”

“सोडेन.”

कामाची पाळी सुटल्यावर कॅन्टीनमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. लोक बाकांवर चढले. वायरमन ठरल्याप्रमाणे समोर उभा होता, पण स्टोअरच्या मुलीचं टोळकं पुढे घुसलं आणि धक्के खात तो टेबलाच्या कडेला, बहिणीच्या डाव्या हाताला येऊन थडकला. परत जायला वाट नव्हती.

“ताई, सांभाळून हां,” मुलगी हसत म्हणाली. “माझा हात गळून पडायचा.”

“कोपर टेक आधी. मग बोल.”

सुपरवायझरनं दोन्ही मुठी आपल्या तळव्यांत धरल्या, सरळ केल्या आणि सोडल्या.

मुलीची मूठ लगेच वर चढली, गेल्या वर्षीसारखीच. तिनं बोटांवर सगळा भार टाकला. बोटं उघडली नाहीत. तिनं पुन्हा हिसका दिला. उघडली नाहीत. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं पक्कडनं पाहिलं आणि वर्षभरात पहिल्यांदा तिला इतकं हलकं वाटलं. “पक्कड! पक्कड!” बाक दणदणत होते.

मग तिला दिसलं की बोटं जिथल्या तिथे असूनही मनगट मागे जातंय. अगदी सावकाश. मनगटापाठोपाठ मूठ उजवीकडे कलत होती आणि शरीरापासून लांब जात होती. ती आता तिच्या छातीसमोर नव्हती, खांद्याच्याही बाहेर होती. दंडातलं ते आतलं दुखणं जागं झालं आणि या वेळी थांबलंच नाही.

वायरमनला खांद्याची रेषा बाजूनं स्वच्छ दिसत होती.

“सोड!” तो ओरडला.

तिला ते ऐकू आलं. सोडायचं आहे हेही कळलं. पण बोटांना वर्षभर एकच गोष्ट शिकवली होती, आणि दादाचा आवाज समोरून नाही, डावीकडून आला होता. लहानपणापासून त्या आवाजाकडे वळायची जी सवय होती, त्या सवयीनं तिनं मान वळवली.

आवाज फार मोठा नव्हता. बाक मोडला असं समजून मागचे काही जण हसले.

मुलीनं हात सोडवून घेतला आणि पक्कडच्या दंडाकडे बघत मागे सरकली. “मी काही नाही केलं. ताई, खरंच, मी काही…”

“तू काही नाही केलंस,” पक्कड म्हणाली. मग ती खाली बसली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. दंडाचं हाड जिन्यासारखं गोल फिरत तुटलं होतं.

“मूठ वळवा,” ते म्हणाले.

बोटं वळली, घट्ट.

“आता मनगट वर उचला.”

तिनं उचललं. निदान तिला तसं वाटलं. हात होता तसाच लोंबत राहिला.

“हाडाला लागून एक नस जाते. ती दुखावलीय. बहुतेक येईल परत, पण महिने लागतील.”

“उचलायला कधी येईल?”

“काय उचलायचंय?”

“माणूस,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन लवकर आला. दारातच म्हणाला, “मी ओरडायलाच नको होतं.”

“चपला काढ आणि आत ये. ते जागे आहेत.”

त्यानं पलंगापाशी जाऊन दाजींचे दोन्ही हात धरले आणि ओढायला सुरुवात केली.

“हात ओढू नकोस!” ती म्हणाली. “उजवा खांदा निखळतो त्यांचा. आधी कुशीवर घे. गुडघे वळव. आता काखेखालून पाठीमागे. मूठ नको, तळवा ठेव. जवळ घे, दादा. अजून जवळ. छाती छातीला लागली पाहिजे.”

“एवढं जवळ?”

“लाजतोस काय? घे.”

नवरा मेहुण्याच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होता. झोळीतला उजवा हात अंगाशी बांधून ती भिंतीला टेकून उभी होती. डावा मात्र वर आला होता, तळवा वरच्या दिशेला, बोटं थोडी वळलेली.

“आता… उठव,” ती म्हणाली.

वायरमन उठला. त्याच्याबरोबर नवरा उठला, डुगडुगला, स्थिर झाला. दोघं गोल फिरले. खुर्ची करकरली.

“जड… आहे?” नवऱ्यानं विचारलं.

“नाही हो, दाजी,” वायरमन म्हणाला. त्याला धाप लागली होती.

तिचा डावा हात अजून तसाच वर होता. नवऱ्याची पाठ खुर्चीला टेकली हे तिनं नीट पाहिलं. मग तिनं तो हळूहळू, वजन सांभाळत, खाली आणला.