लाटण्याची चरबी

"निघाली! निघाली!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. खुर्चीतल्या माणसाचे पाय शिष्य 'औषधी तेल' लावून टबात चोळत होता आणि पाण्यावर पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या. महाराज गर्जले, "ही बघा हृदयाभोवतीची चरबी, तळपायातून बाहेर! गोळ्यांनी नुसता खिसा वितळतो, मी चरबी वितळवतो!"

पंधरा दिवसांपूर्वी त्याच खुर्चीत माझा दादा बसला होता. बेकरीत भट्टी सांभाळणारा, एकशे अठरा किलोंचा. जिना चढला की धाप लागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पोटाबरोबर रक्तदाब वाढतो, साखर वाढते, हृदयाच्या नळ्या चोंदतात. चालायला लागा, आणि गोळ्या चुकवू नका." महाराजांनी मात्र त्याची 'चरबी' त्याला बाटलीत भरून दिली. दादाने ती खिडकीत मांडली. "बघ गं, एवढा हलका झालो!" गोळ्या बंद.

परवा तो भट्टीसमोरच कोसळला. अजून अतिदक्षता विभागात आहे. त्याचे कपडे न्यायला गेले, तर खिडकीतल्या बाटलीवर ऊन आलेलं. आत गुठळ्या नव्हत्या, तेल होतं. झाकण उघडलं. वास माझ्या लेकीच्या टाळूचा! तिची खोबरेलाची बाटली गारठ्यात अशीच गोठते; मी ती कुशीत धरून पातळ करते.

म्हणून आज लेक कडेवर आणि लाटणं पिशवीत घेऊन मी रांगेत उभी होते.

"महाराज, याची चरबी काढा."

"ताई, हे लाटणं आहे."

"हो ना, घरात बसून बसून सुटलंय."

हशा पिकला. तेवढ्यात मी शिष्याच्या हातातली 'औषधी तेला'ची वाटी ओढली, लाटण्याला तेल चोपडलं आणि टबात बुडवून खसाखसा चोळलं. पाणी बर्फाचं होतं. गुठळ्या वर आल्या.

"अगंबाई," मागून एक आजी ओरडल्या, "लाटण्याची चरबी निघाली!"

"खोबरेल आहे, आजी. गार पाण्यात गोठतं, एवढंच."

महाराज उठू लागले. लोकांनीच त्यांना खाली दाबलं. लेकीला आजींकडे देऊन मी टबात नवं पाणी आणि उरलेला सगळा बर्फ ओतला, त्यांचे पाय साबणाने धुऊन आत बुडवले. तेलाशिवाय.

"सोडा हो, ताई, पाय बधिर झाले!"

"माझ्या दादालाही छातीत दुखत होतं. तुम्ही म्हणालात, चरबी सुटतेय."

कुणीतरी फोन करून बोलावलेले पोलीस येईपर्यंत मी पाय बाहेर काढू दिले नाहीत. पाणी नितळ राहिलं. मला दया आली नाही, आताही येत नाही.

लेक झोपलीय तोवर एवढंच लिहिते. वजन वाढलं असेल तर हृदय तपासून घ्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याचा वास घ्या.